ग्रंटल्ड

लष्करी कागदपत्रांत ‘डिसग्रंटल्ड’ हा शब्द वरचेवर भेटतो. म्हणजे नाराज, कुरकुरणारा. मीही तो बऱ्याच जणांच्या नावापुढे लिहिला आहे. मग ‘डिस’ काढून टाकलं की उरेल तो खूश माणूस? तिथेच गंमत आहे.

‘ग्रंट’ म्हणजे डुकराचं गुरगुरणं. त्याला शेपूट लावून ‘ग्रंटल’ झालं, म्हणजे पुन्हा पुन्हा बारीक गुरगुरणं. आपण अक्षरं दुप्पट करून कुरकुर, गुरगुर म्हणतो, तसंच. आणि सतराव्या शतकातल्या ‘डिसग्रंटल्ड’मधला ‘डिस’ नकाराचा नाहीच, तो जोर देणारा आहे. म्हणजे मुळाप्रमाणे ‘ग्रंटल्ड’सुद्धा कुरकुऱ्याच! पण लोकांनी ‘डिस’ला नकार समजून विसाव्या शतकात ‘ग्रंटल्ड’ला खूश करून टाकलं. वुडहाउसने १९३८ च्या ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’मध्ये तो वापरला. तिथला माणूस अगदी चिडलेला नाही, पण खूशही म्हणवत नाही.

असा माणूस मी तंगधारला पाहिला. साताऱ्याकडचा नाईक, बायको दिवसांत. त्याने तीस दिवस सुट्टी मागितली, मी पंधरा दिली. नोव्हेंबर होता. बर्फाने साधना खिंड बंद व्हायच्या आत नफरी परत हवी होती. तो काही बोलला नाही. सॅल्यूट ठोकून गेला.

ठरल्या दिवशी हजर झाला.

“काय रे, खूश ना?”

“मुलगी झाली साहेब. दहा दिवसांची सोडून आलो.” मग थोडं थांबून, “परवा बारसं आहे.”

नाव काय ठेवणार, विचारलं. “ठरलं नव्हतं साहेब. आता फोन लागला की कळंल.”

त्या वर्षी बर्फ उशिरा पडला. खिंड पुढे आणखी दोन आठवडे उघडी होती. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. मी मात्र रोज संध्याकाळी खिंडीतून उतरणाऱ्या गाड्यांचे दिवे मोजत असे.

बायकोसाठी केलेल्या अळिवाच्या लाडवांतले चार त्याच्या आईने साहेबांसाठी म्हणून बांधून दिले होते. बुखारीपाशी बसून मी त्यातला एक खाल्ला. उरलेले लंगरमध्ये पाठवून दिले.