झाडू, जादूची काठी आणि लपवलेली नावं

मी गेम बनवतो. मोबाईलवरचे छोटे गेम. कोडही मीच लिहितो, लेव्हलही मीच आखतो. चळवळीतल्या मित्रांना हे पोरखेळ वाटतं. त्यात मी टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेचा वेडा वाचक. १९८३ ते २०१५ या काळात आलेल्या ४१ कादंबऱ्या. चार हत्तींच्या पाठीवर थाळीसारखी चपटी दुनिया आणि हत्ती उभे एका प्रचंड कासवावर. आपल्याकडच्या माणसाला लगेच पुराण आठवेल. पण इथे कासवापुढे कोणी हात जोडत नाही. ते नर आहे की मादी, यावर विद्वानांचा खल चालू असतो.

या मालिकेत जागोजागी लपवलेले संदर्भ आहेत आणि माझ्या धंद्यातल्या माणसाला त्यातले काही फार गुदगुल्या करतात. डिस्कवर्ल्डमधल्या डोंगररांगेचं नाव 'रॅमटॉप्स'. सिंक्लेअर कंपनीच्या १९८०च्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये प्रोग्रामला वापरता येणाऱ्या मेमरीची वरची हद्द 'रॅमटॉप' या नावाने नोंदवली जायची. म्हणजे मेमरीचं शिखर! तिथल्या जादूगारांच्या विद्यापीठात 'हेक्स' नावाचं गणनयंत्र आहे. ते नळ्यांमधून पळणाऱ्या मुंग्यांवर चालतं आणि त्यावर चिकटवलेलं असतं, 'अँटहिल इनसाइड'. ज्याने 'इंटेल इनसाइड'चं स्टिकर पाहिलंय त्याला हसू आवरत नाही. मी तर रात्री दोन वाजता एकटाच हसलो होतो.

आता कोणी म्हणेल, यात आंबेडकरी काय? सांगतो.

संदर्भ कळणं ही आपल्या समाजात कधीच निरागस गोष्ट नव्हती. कॉलेजात, ऑफिसात कोणी तरी एखाद्या नाटकाचा, रागाचा, जुन्या लेखकाच्या विनोदाचा उल्लेख सहज फेकतो. कोण हसतं आणि कोण गप्प राहतं, यावरून माणूस कुठल्या घरातून आलाय ते ताडलं जातं. आडनाव विचारायचीही गरज उरत नाही. आपल्यातल्या कित्येकांनी न कळलेल्या विनोदावर खोटं हसून दिवस काढलेत. ब्राह्मणी व्यवस्थेने ज्ञानाला कुलूप लावलं, हे आपण नेहमी म्हणतो. त्या कुलपाची किल्ली पुष्कळदा अशीच गंमतीगंमतीत फिरवली जाते.

प्रॅचेटकडे हा वास येत नाही, हे माझं ठाम मत. हा माणूस सतराव्या वर्षी शाळा सोडून स्थानिक वर्तमानपत्रात कामाला लागला. विद्यापीठात शिकायला गेलाच नाही. आपलं खरं शिक्षण गावच्या सार्वजनिक वाचनालयात झालं, असं तो सांगायचा. त्याचे संदर्भ कोणाच्या दिवाणखान्यातून आलेले नाहीत, वाचनालयाच्या फळीवरून आलेत. म्हणूनच संदर्भ नाही कळला तरी त्याचा विनोद अडत नाही. कळला तर जास्तीचं काही हाती लागतं, इतकंच.

'इक्वल राइट्स' (१९८७) घ्या. नावातच श्लेष आहे. इंग्रजीत समान हक्क आणि समान विधी या दोन्हींचा उच्चार एकच. देवनागरीत तर दोन्ही शब्द दिसतातही सारखेच. मरणाच्या दारातला जादूगार आपली काठी आठव्या मुलाच्या आठव्या मुलाला देऊन जातो आणि मग लक्षात येतं की जन्मलेलं बाळ मुलगी आहे. विद्यापीठ मुलींना घेत नाही. मग ती पोर विद्यापीठात शिरते ती झाडलोट करणारी म्हणून. तिच्या हातातला झाडू हीच तिची जादूची काठी असते.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. पेशवाईत आपल्या पूर्वजांच्या कमरेला झाडू बांधायला लावला जायचा, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात मांडलंय. प्रॅचेटच्या मनात पुणे असण्याचं कारणच नाही. हा संदर्भ त्याने ठेवलेला नाही, तो माझ्याजवळ होता. ज्या वाचकाला आयुष्यभर 'तुला संदर्भ कळत नाहीत' असं ऐकवलं गेलं, त्याच्या खिशात असाही एक संदर्भ आहे जो भल्याभल्या समीक्षकांकडे नाही. मग अडाणी कोण?

पण मित्रहो, लपवण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. गेमच्या इतिहासातला गाजलेला लपवलेला संदर्भ वॉरन रॉबिनेटचा. अटारी कंपनी गेमवर प्रोग्रामरचं नाव येऊ देत नसे. म्हणून १९८०च्या सुमारास आलेल्या 'अॅडव्हेंचर' गेममध्ये त्याने एक गुप्त खोली केली. पार्श्वभूमीच्याच रंगाचा, डोळ्यांना न दिसणारा एक ठिपका उचलून नेला तरच तिथे शिरता यायचं. आत त्याचं नाव. आज याला 'ईस्टर एग' म्हणून गोड हसतात. मुळात ती कष्टकऱ्याची नाकारलेली सही होती.

मागे एका कंपनीसाठी मी शहरी गल्लीची लेव्हल करत होतो. भिंतीवर निळा झेंडा आणि '२० मार्च' रंगवलं. 'पॉलिटिकल वाटतंय, काढा,' असा निरोप आला. त्याच गल्लीतलं देऊळ, दारावरचं तोरण, रिक्षावरचं देवाचं नाव मात्र 'लोकल कल्चर'! एका सहकाऱ्याने प्रेमानेच सुचवलं, 'अरे, लपव ना. ईस्टर एग कर.' मी नाही म्हणालो. शेवटी भिंत त्यांनी पुसली. पण चवदार तळ्याची तारीख हा काही माझा विनोद नाही, की तो कोपऱ्यात दडवावा. भाड्याचं घर मिळावं म्हणून आडनाव गिळणारे आपले लोक रोज असले 'ईस्टर एग' होऊन जगतात. त्यात गंमत नाही.

प्रॅचेटच्या 'गोइंग पोस्टल'मध्ये (२००४) मनोऱ्यांवरून संदेश धाडणारे कामगार आहेत. काम करताना मेलेल्याचं नाव ते मनोऱ्यांवरून फिरतं ठेवतात. टोकाला पोचलं की परत पाठवायचं. १२ मार्च २०१५ ला प्रॅचेट गेला तेव्हा जगभरच्या वाचकांनी त्याचं नाव आपापल्या वेबसाइटच्या न दिसणाऱ्या ओळींत घातलं. ते अजून फिरतंय. भीमा कोरेगावच्या स्तंभावरची नावं तर उघड्या दगडात होती, तरी नावापुढच्या 'नाक'चा अर्थ किती जणांना लागत होता? १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले.

आता मी स्वतःचा गेम करतोय. तळं पहिल्याच पडद्यावर आहे, तारखेसकट. लपवलंय ते वेगळंच. मुंग्यांची नळी आहे, अदृश्य ठिपका आहे आणि एका शाळेच्या कोपऱ्यात टेकवलेला झाडू आहे. परवा वस्तीतल्या पोरांना खेळायला दिला. आठवीतल्या एका मुलीने तो झाडू उचलला आणि तिच्या हातात त्याची काठी झाली. तिने ना प्रॅचेट वाचलाय, ना रॉबिनेट ऐकलाय. खेळ न थांबवता तिने विचारलं, "दादा, अजून किती ठिकाणी लपवलंय?"

मी सांगितलं नाही.