आवारातली मांजरे



तुमच्यापैकी जे रविवारी संपर्क सत्रासाठी आमच्या महाविद्यालयात येतात, त्यांना ही मांजरे नवी नाहीत. मधल्या सुट्टीत तुम्ही ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर डबे उघडता. झाकणाचा आवाज होताच सायकलतळाच्या पत्र्यावरून, पाण्याच्या टाकीमागून, बंद उपाहारगृहाच्या ओट्याखालून ती एकेक करून प्रकट होतात. रविवारी उपाहारगृह उघडत नाही. त्या दिवशीचे त्यांचे जेवण बहुधा तुमच्या डब्यांतूनच येते. जे दूरच्या अभ्यासकेंद्रावर जातात, त्यांच्याही आवारात अशी दोन-चार मांजरे असतील. जिथे माणसे रोज येतात, जेवतात आणि संध्याकाळी निघून जातात, अशा जागा मांजरांना मानवतात.

माझा विषय भाषाविज्ञान आहे. मांजरांविषयी अधिकाराने बोलावे असे माझ्यापाशी फार काही नाही. परंतु मांजरांविषयी माणसे काय बोलतात, हे गेली सव्वीस वर्षे मी याच आवारात ऐकत आले आहे. त्याविषयी तुम्हांला काही सांगावे, असे बरेच दिवस मनात होते.

प्रथम प्रश्न असा, की यांना म्हणायचे काय? ती पाळीव नाहीत, कारण त्यांना कोणी पाळलेले नाही. ती जंगलीही नाहीत. जंगली मांजर उपाहारगृहातल्या मामांच्या पायांत घोटाळत नाही. कार्यालयाच्या भाषेत ती ‘भटकी’ आहेत. हा शब्द मला नेहमीच अडखळायला लावतो. भटकणे म्हणजे ठाव नसणे. या मांजरांइतका ठाव तर आवारात कोणालाच नाही. पिवळा बोका गेली पाच वर्षे विजेच्या खोक्यावर बसतो. करडी मांजरी परीक्षा विभागाच्या खिडकीची मालकीण आहे. विद्यार्थी तीन वर्षांनी जातात, प्राध्यापकांच्या बदल्या होतात, प्राचार्य निवृत्त होतात. यांत भटके कोण, हे तुम्हीच ठरवा. ‘मोकाट’ हा शब्द त्याहून वाईट. त्यात दावणीचे दावे तोडून सुटल्याचा आरोप आहे, आणि यांना दावे कधी नव्हतेच.

आपल्या भाषेतले मांजर मुळात घरातले आहे. म्हणी आठवून पाहा. शिंक्याचे तुटते आणि बोक्याचे फावते. पण त्यासाठी स्वयंपाकघरात शिंके हवे आणि शिंक्यावर लोण्याचे मडके हवे. मांजर डोळे मिटून दूध पिते, ते कोणाच्या तरी चुलीशेजारी. उंदराला साक्षीदार लागला की मांजरच पुढे येते. ज्यांचे वैर कायमचे, त्यांच्या नावांचा द्वंद्व समास एकवचनी होतो, असा पाणिनीचा एक नियम आहे; त्याचे उदाहरण म्हणून टीकाकार ‘मार्जारमूषकम्’ हा सामासिक शब्द देतात. म्हणजे मांजर आणि उंदीर यांचे वैर इतके पक्के, की दोघे मिळून एकच पद झाले. आमच्या आवारात मात्र हा समास जरा सैल पडला आहे. इथल्या उंदरांना ग्रंथालयातला जुना कागद पुरतो, मांजरांना वडापावचा चुरा पुरतो, आणि दोघे एकमेकांना बरीच वर्षे सहन करीत आहेत.

आता लिंगविचाराकडे येऊ. परीक्षेत तो येतो म्हणून नव्हे, तर मला तो यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो म्हणून. प्राण्याचा नर-मादी भेद ठाऊक नसला किंवा सांगण्याची गरज नसली, की मराठी माणूस नपुंसकलिंगाचा आश्रय घेतो : ते कुत्रे, ते घोडे, ते मांजर. नर सांगायचा तर बोका. मादी सांगायची तर मांजरी, किंवा कोकणात भाटी. (‘मांजर आडवी गेली’ असे स्त्रीलिंगी रूपही अनेकांच्या तोंडी असते, ते चुकीचे समजू नका.) ओळख झाली की सर्वनाम बदलते. ‘एक मांजर आले आहे, त्याला हाकला’ असे म्हणणारा माणूस महिन्याभराने ‘ती आज दिसली नाही?’ असे विचारू लागतो. या दोन वाक्यांमध्ये काय घडले, हे त्याला विचारले तर सांगता येणार नाही. मी मात्र कार्यालयातल्या निदान तिघा जणांचे हे सर्वनाम बदलताना ऐकले आहे.

एम.ए.च्या एका तुकडीने एका पांढऱ्या मांजरीचे नाव ‘अनुस्वार’ ठेवले होते, कारण तिच्या डोक्यावर नेमका एक काळा ठिपका होता. अंगावर एकाखाली एक असे दोन ठिपके असलेला बोका ओघानेच ‘विसर्ग’ झाला. पुढे एके सकाळी बातमी आली आणि वर्गात वाद पेटला : ‘अनुस्वार व्याला’ म्हणायचे की ‘अनुस्वार व्याली’? शब्द पुल्लिंगी, प्राणी मादी. एक पक्ष व्याकरणिक लिंगाचा, दुसरा नैसर्गिक लिंगाचा. अर्धा तास चांगला गेला. तेवढ्यात फळा पुसायला आलेल्या सफाईच्या मावशी म्हणाल्या, ‘‘ठकी व्याली होय? किती झाली?’’ त्यांच्या लेखी ती पहिल्यापासून ठकीच होती. वाद तिथे मिटला. आम्हीही पुढे तिला ठकीच म्हणू लागलो.

मांजराचा आवाज हा तर आम्हां ध्वनिविचार शिकवणाऱ्यांना आयताच मिळालेला पाठ आहे. १९४४ साली मिल्ड्रेड मोएल्क या संशोधिकेने मांजरांच्या आवाजांचा ध्वनिशास्त्राच्या अंगाने केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिने त्या आवाजांचे तीन मोठे गट पाडले : तोंड मिटून काढलेले, तोंड उघडून हळूहळू मिटत नेलेले, आणि तोंड ताणून उघडे ठेवून काढलेले. आपला ‘म्यांव’ दुसऱ्या गटात बसतो. तो शब्द सावकाश उच्चारून पाहा. ओठ मिटलेले असताना ‘म’ सुरू होतो, मग जबडा उघडतो, आणि ‘व’पाशी ओठ पुन्हा जवळ येतात. ज्या कोणी हा शब्द प्रथम उच्चारला, त्याचा कान चांगला होता.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. मोठे मांजर दुसऱ्या मोठ्या मांजराला सहसा ‘म्यांव’ म्हणत नाही. त्यांचे आपापसांतले व्यवहार वासाने, शेपटीने, कानांच्या ठेवणीने चालतात. भांडणात गुरगुर आणि फिस्कारणे असते. पिल्लू आईला हाक मारते, ती ‘म्यांव’ची सुरुवात. मोठेपणी ही हाक मुख्यतः माणसासाठी राखलेली असते. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले आढळले आहे. इतका जुना हा सहवास. तेवढ्या काळात या प्राण्याने आपल्याशी बोलण्यासाठी बाळपणीची एक हाक जपून ठेवली.

२०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी आली आणि आवार एका दिवसात रिकामे झाले. आमचे पहारेकरी काका तेवढे फाटकाशी राहिले. ते सांगतात, की पहिले आठ-दहा दिवस मांजरे उपाहारगृहाच्या बंद दाराशी सारखी ओरडत होती. मग ओरडणे थांबले. काका आपल्या भातातला भात काढून ठेवीत, मावशींना परवानगी मिळाली तेव्हा त्या आठवड्यातून दोनदा बोंबलाची डोकी घेऊन येत. मी घरी बसून दूरध्वनीवर वर्ग घेत होते. जूनमध्ये मी आवारात गेले तेव्हा मार्चमधल्या नऊ मांजरांपैकी पाच उरली होती. ठकी त्यांत होती. तिने मला पाहिले, पण ती काही बोलली नाही.

दोन वर्षांत पाचांची चौदा झाली. यात नवल नाही. मांजरीचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा, आणि पाच-सहा महिन्यांची मांजरी स्वतः आई होऊ शकते. तक्रारी सुरू झाल्या आणि त्या खोट्या नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. परीक्षेच्या दालनात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर घाण सापडली. एका सहकाऱ्यांना दम्याचा त्रास होता. एका विद्यार्थिनीला पिल्लू उचलताना ओरखडा आला आणि तिला रेबीजच्या लशीसाठी रुग्णालयात खेपा घालाव्या लागल्या. मांजरापासूनही हा रोग होऊ शकतो, म्हणून ते योग्यच होते. मांजरप्रेमी मंडळी हे सारे ऐकून घेत नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्याच मांजरांचे नुकसान होते, असे माझे मत आहे.

अखेर एक परिपत्रक तयार झाले. आमच्याकडे प्रत्येक परिपत्रक शुद्धलेखनासाठी मराठी विभागाकडे येते, तसे तेही आले. मजकूर चार ओळींचा होता. त्यातले मुख्य वाक्य असे : ‘आवारातील भटक्या व उपद्रवी मांजरांची विल्हेवाट लावण्यात येईल.’ शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती.

‘-ण्यात येईल’ ही रचना तुम्हांला परिचयाची आहे. तुमचे प्रवेशपत्र, शुल्काची सूचना, निकालाचे पत्रक, सगळीकडे ती भेटते. तिचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात कर्ता सांगावा लागत नाही. शुल्क आकारण्यात येईल, कारवाई करण्यात येईल, विचार करण्यात येईल. कोण करणार? वाक्य त्याबद्दल गप्प राहते आणि तरीही पूर्ण असते. प्रशासनाला अशी रचना लागते, हे मला मान्य आहे. प्रत्येक पत्रात लिपिकाचे नाव घालता येत नाही. परंतु काही क्रियापदे कर्त्यावाचून उभी राहू देऊ नयेत, असे मला त्या दिवशी वाटले. मी समासात लाल शाईने दोनच शब्द लिहिले : ‘कोणाकडून? कशी?’ आणि कागद परत पाठवला.

अधीक्षक स्वतः वर आले. ते रागावले नव्हते, गोंधळले होते. ‘‘मॅडम, म्हणजे काय लिहू?’’ मी म्हटले, ‘‘जे होणार आहे तेच लिहा.’’ होणार होते ते असे : रात्री पोत्यांत भरून मांजरे शहराबाहेरच्या बाजाराजवळ सोडायची. कोण भरणार? त्यांनी पहारेकरी काकांचे नाव घेतले. काकांना बोलावले. काका म्हणाले, ‘‘साहेब, लेखी द्या.’’ मावशींना विचारले, तर त्या काहीच न बोलता बादली उचलून निघून गेल्या. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची गोष्ट आपण उंदरांची म्हणून सांगतो. त्या दिवशी ती माणसांची झाली.

मग प्राचार्यांनी बैठक बोलावली. तिथे दोन गोष्टी पुढे आल्या. एक, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा आहे, आणि उपासमारीने वा तहानेने प्राण्याला यातना होतील अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय त्याला टाकून देणे, हा त्या कायद्याने अपराध आहे. दुसरी व्यवहाराची. मांजर जागेला धरून राहणारा प्राणी आहे. परक्या जागी सोडलेले मांजर तिथल्या मांजरांकडून हाकलले जाते, परतीच्या वाटेवर वाहनाखाली सापडते. आणि इथे उपाहारगृहाचे खरकटे उघडे आहे तोवर रिकाम्या झालेल्या जागी दुसरी मांजरे येतात. पशुवैद्यांनी सांगितलेला मार्ग संथ होता : पिंजऱ्यात धरायचे, शस्त्रक्रियेने निर्बीजीकरण करायचे, रेबीजची लस टोचायची आणि पुन्हा त्याच जागी आणून सोडायचे. ओळखीसाठी भूल असतानाच एका कानाचे टोक किंचित कापतात, म्हणजे तेच मांजर दुसऱ्यांदा धरले जात नाही. खर्चाचा प्रश्न निघाला तेव्हा दम्याचा त्रास असलेल्या सहकाऱ्यांनी पहिली वर्गणी दिली. त्यांची अट एकच होती, की परीक्षा विभागाच्या खिडक्यांना जाळी बसवावी. ती त्याच आठवड्यात बसली. करडी मांजरी तेव्हापासून जाळीच्या बाहेरच्या कठड्यावर बसते आणि आत पाहते.

नवे परिपत्रक अधीक्षकांनी स्वतः लिहिले. त्यात ‘आपण’ हा कर्ता होता. मांजरांना ठरल्या जागी, ठरल्या वेळीच खाऊ घालावे, उरलेले अन्न उचलून न्यावे, आणि मोठ्या मांजरांना दूध घालू नये, कारण बहुतेकांना ते पचत नाही. शेवटची सूचना पाळताना सर्वांनाच जड जाते. मांजर म्हटले की दूध, हे आपल्या भाषेने आपल्याला फार लहानपणी शिकवलेले आहे.

पाच महिन्यांत तेरा मांजरे जाऊन आली. ठकी त्यांत वयाने सर्वांत मोठी. परत आली तेव्हा दोन दिवस ती टाकीमागून बाहेर पडली नाही. मावशी तिथेच ताटली नेऊन ठेवीत. आता तिचा कान एका बाजूने तुटका दिसतो, आणि नव्या तुकडीला ती ‘अनुस्वार’ होती हे सांगावे लागते. ठिपकाही आता फिकट झाला आहे.

विसर्ग तेवढा सापडला नाही. त्याच्यासाठी तीनदा पिंजरा लावला. पहिल्या दोन्ही वेळा आतला मासा खाऊन तो दार पडायच्या आत बाहेर आला. तिसऱ्या वेळी पिंजऱ्यात सकाळी ग्रंथालयाचा एक जाडजूड उंदीर होता, आणि विसर्ग शेजारी बसून त्याच्याकडे पाहत होता. येत्या रविवारी तो तुम्हांला पायऱ्यांच्या डाव्या बाजूला दिसेल. सुकट आणणार असाल, तर थोडी पहारेकरी काकांच्या खोलीत देऊन ठेवा. चौथा पिंजरा आम्ही सोमवारी लावणार आहोत.