भट्टीतला वास

ओटचं पाकीट उघडलं की मी आधी त्यात नाक खुपसतो. माल चांगला असेल तर भाजका, किंचित गोडसर वास येतो. हा वास शेतातला नाही, भट्टीतला आहे.

ओटच्या दाण्याचं टरफल मळणीत सुटत नाही. गिरणीत ते काढलं की आतला लांबट, फिकट दाणा उघडा पडतो, आणि तिथूनच त्याला जपावं लागतं. गव्हापेक्षा ओटमध्ये स्निग्धांश बराच जास्त, शिवाय तो फोडणारं लायपेज नावाचं विकरही त्याच दाण्यात. दाणा चेपला, भरडला की दोघांची गाठ पडते आणि पीठ खवट, कडू होतं. म्हणून त्याला आधी वाफ द्यायची, भट्टीत तापवायचं. विकर निकामी होतं, आणि त्याच आचेत हा वास जन्माला येतो. टिकवण्याच्या खटपटीतून चव हाती लागावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. स्कॉटलंडच्या दमट हवेत तर भट्टीवाचून धान्य वाळणंच अवघड. तिथे ओट हे रोजच्या जेवणाचं धान्य होतं. इंग्लंडात हे घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं यावर जगतात, अशा अर्थाची नोंद सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशात केली आहे. (आपल्याकडेही रब्बीत ओट पेरतात तो मुख्यतः गुरांसाठी, हिरवा असतानाच कापून.)

भट्टीनंतर वाटा फुटतात. पोलादी पात्यांनी दाण्याचे दोन-तीन तुकडे केले की स्टील-कट. हा माझा आवडता. शिजायला अर्धा तास घेतो, आणि शिजूनही प्रत्येक कण दाताखाली येतो, चावावा लागतो. दगडी जात्यावर भरडलेल्या स्कॉटिश ओटमीलमध्ये बारीक पीठही असतं, त्यामुळे त्याची पेज जास्त दाट होते. अख्खा दाणा वाफवून रुळांमधून चेपला की रोल्ड ओट्स, म्हणजे आपल्या जाड पोह्यांचे भाऊबंदच. तुकडे करून आणखी पातळ चेपले की क्विक ओट्स. क्वेकर कंपनीने ते १९२२ साली बाजारात आणले. इन्स्टंट तर आधीच शिजवून वाळवलेले, गरम पाणी ओतलं की झालं.

धान्य एकच, पण दाणा जितका पातळ आणि बारीक, तितकं त्यातलं पिष्ट लवकर पचतं आणि रक्तातली साखर लवकर चढते. इन्स्टंटच्या चवदार पाकिटात वर साखरही घातलेली असते. आजाऱ्याला मऊ खिमट हवं तेव्हा बारीक ओट उपयोगी पडतात, हे मान्य. धडधाकट माणसाने मात्र चावण्याचं सुख का सोडावं?

स्कॉटलंडच्या कारब्रिज गावात १९९४पासून पॉरिज शिजवण्याची स्पर्धा भरते. तिच्या पारंपरिक गटात ओटमील, पाणी आणि मीठ एवढंच चालतं. चेपलेले ओट नाहीत, दूध नाही, मध नाही. मला हा नियम रास्त वाटतो. मीठ-पाण्यात काही लपत नाही, गिरणीत जे साधलं असेल तेच वाडग्यात उतरतं. घरी मी दूध आणि केळं घालतो खरा, पण पहिले दोन घास कोरेच खातो.