उतरणीचे जोडे

दिवाळी जवळ आली की सगळे लोक कापडाच्या दुकानांकडे वळतात. मी मात्र चपलांच्या दुकानाकडे वळतो. आमच्या तळोद्यात याचे कुणाला नवल वाटत नाही. धनत्रयोदशीला इथून अस्तंब्याच्या यात्रेचे जत्थे निघतात, आणि सातपुड्यात पाय टाकायचा तर पायांत काय घालायचे याचा विचार आधी करावाच लागतो.

यंदा या विचारात मला एक सोबतीण मिळाली, आणि तीही थेट फ्रान्समधून. माझी भाची ग्रेनोबलला असते. १९६८ साली हिवाळी ऑलिंपिक झाले तेच हे गाव. भोवती आल्प्सचे डोंगर, त्यामुळे बर्फावरून घसरण्याचा नाद तिलाही लागला. आजवर ती भाड्याच्या स्की पायाला बांधीत असे. आता स्वतःच्या घ्यायच्या म्हणाली.

"मामा, पैसे एकाच जोडीपुरते आहेत, आणि ती दोन्हीकडे चालायला हवी. तुम्हीच सांगा, कसं करू?"

जन्मात बर्फाचा डोंगर न पाहिलेल्या मामाला हा प्रश्न! पण तिने पेच नीट उलगडून सांगितला. तिकडे बर्फाच्या दोन वाटा. एक, रात्री यंत्राने दाबून, विंचरून ठेवलेली; तिथे बर्फ कठीण असतो. तिथे पायाखाली पंचाहत्तर मिलिमीटरच्या आसपास रुंदीची अरुंद पट्टी बरी. ती चटकन वळते आणि तिची कड बर्फात रुतते. दुसरी वाट आखलेल्या रस्त्याबाहेरची, ताज्या भुसभुशीत बर्फाची. तिथे अरुंद पट्टी बुडते. शंभर मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, पुढचे टोक उचललेली पट्टी हवी, म्हणजे ती तरंगत राहते. दोन्हीकडे एकच न्यायची तर पंच्याऐंशी ते पंच्याण्णवच्या दरम्यानची घ्यावी. ती दोन्हीकडे थोडी उणी, पण दोन्हीकडे पुरेशी!

मला हसू आले. "अगं, हा तर आपल्या अस्तंब्याचाच पेच!"

अस्तंबा म्हणजे महाराष्ट्रातल्या सातपुड्याचा सर्वांत उंच माथा, १३२५ मीटर. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा याच डोंगरात फिरतो, अशी श्रद्धा आहे. दिवाळीच्या अभ्यंगाआधी त्याच्या नावाने तेलाचे थेंब जमिनीवर सोडण्याची रीत कित्येक घरांत आहे. त्याच्या भेटीची वाट मात्र एकजात नाही. आधी डांबरी सडक, मग मुरूम, मग पावसाळा नुकताच सरल्यामुळे वाहत असलेले ओढे, त्यांतले शेवाळलेले काळे दगड, आणि वर वाळू लागलेल्या गवताचा उतार. चामड्याची चपल सडकेवर राणीसारखी चालते, पण ओल्या दगडावर दगा देते. साधी रबरी सपाता पाण्याला भीत नाही, पण चढावर पायातून निसटते. कॅनव्हासचा बूट हलका आणि लवकर वाळणारा, पण त्याचा पातळ तळ प्रत्येक खड्याची खबर पायाला देतो. जाड बूट घोटा सांभाळतो, पण ओढ्यात पाणी भरले की शेरभराचा दोन शेर होतो. राहिली टायरची चपल. जुन्या टायरचा तळ, वर पट्टे. सडकेवर जड आणि बेढब, पण दगडाला धरून राहते आणि पाणी तिच्यात थांबत नाही.

हे शहाणपण मला दुकानात मिळाले नाही. १९९८ साली नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. त्याच वर्षीच्या दिवाळीत मी पहिल्यांदा अस्तंब्याला निघालो, आणि मास्तराच्या पगाराला न शोभणारे जाड बूट घेतले. दुकानात उभा राहिलो, फरशीवर चार येरझारा घातल्या, दोनदा पाय आपटून पाहिले. बूट झकास! चढणही झकास गेली. बरोबरच्यांना मी बुटांचे गुण ऐकवीतच वर पोहोचलो.

आणि मग उतरण लागली. प्रत्येक पावलाला बोटे बुटाच्या टोकावर आपटू लागली. अर्ध्या वाटेवर दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली आणि मी एका दगडावर बसलो. जत्थे पुढे निघून गेले. तेवढ्यात मागून एक तरुण आला. पावरा होता, माझाच जुना विद्यार्थी. त्याने माझे पाय पाहिले, बूट पाहिले आणि विचारले, "सर, दुकानात उतार नव्हता का?"

मग खाली बसून त्याने स्वतःच्या टायरच्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. माझे बूट नाडीने गळ्यात अडकवले आणि तो अनवाणी चालू लागला.

त्या चपला मी ओळखल्या. म्हणजे तशाच चपला. शाळेत तपासणीच्या दिवशी बूट घालून आला नाही म्हणून याच मुलाला मी वर्गाबाहेर उभे केले होते, दिवसभर. त्याला ते आठवत होते की नाही, कोण जाणे. मी विचारले नाही. माझी हिंमत झाली नाही. तळोद्याला पोहोचल्यावर चपला परत देऊ लागलो तर म्हणाला, "राहू द्या सर. पुन्हा उतरायला लागतील."

सुट्टी संपून शाळा उघडली, तेव्हापासून मी निवृत्त होईपर्यंत माझ्या वर्गातला एकही मुलगा पायांतल्या वस्तूमुळे दाराबाहेर उभा राहिला नाही. पण त्या एका दिवसाची भरपाई त्याने होत नाही, हे मला कळते.

भाचीला मी म्हटले, "जोडा उतरणीसाठी निवडावा. चढण कशावरही निभते."

"मामा, स्कीमध्ये सगळी उतरणच असते!" ती हसली. पण सल्ला तिने घेतला. दुकानाच्या गालिच्यावर उभे राहून पसंती न देता, भाड्याने दोन-तीन प्रकारच्या स्की घेऊन एकाच दिवशी दोन्ही वाटा उतरून पाहणार आहे. आणि तिने मला एक उलटा सल्ला दिला. वर्षातले आपले दिवस खरोखर कुठे जातात ते मोजावे. एका स्वप्नातल्या बर्फासाठी वर्षभर जड पट्ट्या ओढू नयेत.

मी मोजले. गुडघे आता अस्तंब्याचे नाव काढू देत नाहीत. यंदा मी कोठारपर्यंतच जाणार, जत्थ्यांना निरोप द्यायला. तेवढ्यासाठी कॅनव्हासचे बूट पुरे. संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवली. मग दुकानदाराकडे एक फळी मागितली, स्टुलाला टेकवली आणि तिच्यावरून जपून खाली उतरलो. तो हसला नाही. त्याच्याकडे ती फळी आता माझ्यासाठीच ठेवलेली असते.

टायरच्या चपलांचे पट्टे मात्र कालच नवे करून आणले. माझा नातू यंदा पहिल्यांदा अस्तंब्याला निघतो आहे. त्याला त्या दोन बोटे मोठ्या होतात. तरी पिशवीत घाल म्हणालो. वाटेत कुणालाही लागतील.