चमचाभर पाऊस

गॅरेज म्हटलं की आमच्याकडे गाड्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान डोळ्यांसमोर येतं. घरची गाडी उभी राहते ती शेड. चिपळुणातली आमची शेड घराच्या भिंतीला टेकलेली. वर पत्रा, खाली कोबा, आणि कोपऱ्यात 25 लिटर टाकीचा कॉम्प्रेसर.

खरं तर दुसराच एक घेणार होतो. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर कुणीतरी चिखलातून काढलेला, धुऊन रंगवलेला, निम्म्या किमतीचा. निळा रंग अजून बोटाला लागत होता. ओळखीच्या मिस्त्रींनी टाकीला टिचकी मारली, पोटाखालचा कॉक फिरवला. तांबडं पाणी ओघळलं.

"रंग बाहेरनं मारलाय हो. आतनं कोण मारणार?"

"गळलीच तर वेल्डिंग मारून घेऊ," मी म्हणालो.

"घरच्या कुकरला भोक पडलं तर वेल्डिंग मारता काय?"

विषय संपला. नवा आणला.

त्या दिवसापासून हे यंत्र मला कुकरचा भाऊबंदच वाटतं. फक्त कुकर शिट्टी देतो तो साधारण 1 बारला, आणि ह्याची मोटर थांबते 8 बारला. म्हणजे बाहेरची आणखी 200 लिटर हवा, एक अख्खं पिंपभर, मांडीवर मावेल एवढ्या टाकीत कोंबलेली. लोहाराचा भाता वारा घेतो आणि लगेच सोडून देतो. हा साठवतो, इथेच सगळी गोम आहे. पाण्याचं तसं नाही, ते दाबलं तरी आकसत नाही. म्हणून टाकीची ताकद अजमावायची तर तिच्यात पाणी भरून दाब देतात. फुटलीच तर चिरते आणि ओघळते. हवेने भरलेली टाकी मात्र सुरुंगासारखी उडते.

कुकरच्या खानदानाचा मूळपुरुष डेनिस पापिन. 1679 मध्ये ह्या फ्रेंच माणसाने हाडं मऊ शिजवणारं बंद भांडं केलं, आणि दाब वाढला की आपण होऊन उघडणारी झडपही त्याच्याच नावावर आहे. माझ्या टाकीवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला एक छोटी कडी आहे. महिन्यातून एकदा, डोळ्यांवर चष्मा चढवून, ती ओढून बघतो. फुस्स झालं आणि सोडल्यावर मुकाट बसलं, तर ठीक. नाहीतर त्या दिवशी काम बंद. ही झडप पिळून घट्ट करणारे महाभाग मी पाहिलेत. शिट्टीवर वरवंटा ठेवून डाळ लवकर शिजवण्यातलाच हा प्रकार.

मोटरला मी लांब, बारीक वायर देत नाही. तिच्यातून वीज पोचेपर्यंत दमते, मोटर कण्हते, तापते. त्यापेक्षा हवेची नळी लांब घ्यावी, प्लग जवळचाच, अर्थिंगचा. कोबा ओला असला तर पायात रबरी चपला. फाटकाला रंगाचा फवारा मारायचा असेल तर यंत्र शेडच्या आत आणि फाटक दूर अंगणात, कारण मोटर चालू-बंद होताना आत ठिणगी पडते आणि थिनरच्या वासाला तेवढी पुरे. दाब असताना नळी निसटली तर मात्र वारा प्यायलेलं वासरू म्हणजे काय ते कळतं. एकदा तिने माझ्या नडगीवर वळ उठवला होता.

आणि अंगावरची धूळ. रंधा मारून झाला की हात आपसूक हवेच्या बंदुकीकडे जातो. किती सुख असतं त्यात! पण भुसा उडतो तो डोळ्यांत, आणि कापल्या जागेतून हवा कातडीखाली शिरली तर फुगा येतो. कारखान्यात थट्टेत कुणी कुणाच्या अंगात नळी लावली आणि त्याचा जीव गेला, अशा बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. त्या वाचल्यावर मी फडक्याने अंग झटकायला शिकलो. भाच्याला सायकलची हवा मारू देतो, बंदूक हातात देत नाही. तो रुसतो. रुसू दे.

मला सर्वांत आवडतं ते शेवटचं काम. प्लग काढायचा, नळीतली हवा सोडायची, दाब बराच उतरला की खाली वाकून कॉक हळूच उघडायचा. आमच्या पावसाळ्यात मिठाची बरणीसुद्धा पाझरते, तिथे हवेचं काय सांगावं. नवव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबली की तिला आपली ओल सांभाळता येत नाही, ती टाकीच्या तळाशी गाळून टाकते. एकदा टाकी भरली की जेमतेम चमचाभर. हेच पाणी महिनोन्‌महिने तिथेच राहिलं की टाकी आतून खातं. पुरातल्या त्या निळ्या टाकीसारखी.

श्रावणातली संध्याकाळ. बाहेर सर येऊन गेलेली, पत्र्याच्या कडेवरून थेंब पडताहेत. मी उकिडवा बसून कॉक फिरवतो. आधी थुंकल्यासारखं थोडं पाणी, कोब्यावर काळपट डाग, मग नुसती हवा, बारीक होत जाणारी. काटा शून्याकडे उतरतो आहे. तेवढ्यात माजघरातून आईचा आवाज येतो:

"अरे, बघ रे, किती शिट्ट्या झाल्या?"