कोरे खण

"भाऊ, मोटर चालू आहे म्हून मेसेज आला, अन् वावरात जाऊन पाह्यलं तं पाईपात थेंब नाई."

बार्शीटाकळीच्या शिवारात मी बसवलेल्या पेटीचा हा पहाटेचा फोन. शेतीची थ्री फेज लाइन इकडे पाळीनं येते, बरेचदा रात्री. लाइन आली की मोटर सुरू करायची, कुणी एसएमएस करून विचारलं तर खरं काय ते कळवायचं, एवढंच पेटीचं काम. आत एटीमेगा ३२८: प्रोग्रामला ३२ केबी फ्लॅश, रॅम २ केबी. म्हणजे मोजून २०४८ खण. आज यापेक्षा अडीचशेपट रॅमच्या चिपा मिळतात, ठाऊक आहे. पण वावरात लागलेल्या पेट्या काही रातोरात बदलत नाहीत.

आधी डीपीवर संशय घेतला, मग रिलेवर. दोन्ही निर्दोष. प्रोग्राम चढवताना आर्डुइनोनं सांगितलं होतं: रॅम १४६४ बाइट, ७१ टक्के, उरले ५८४. पंचाहत्तरी ओलांडली असती तर जागा कमी पडतेय असा इशारा तरी मिळाला असता. मी निर्धास्त होतो.

पण तो आकडा उभ्या बैलगाडीचा. माल भरून नाला उतरताना काय होतं, ते त्यात येत नाही. एसएमएस आला की माझं एक फंक्शन तो वाचायला ३०० बाइट मागायचं आणि त्याच्याच पोटातलं दुसरं फंक्शन उत्तर रचायला २८१. झाले ५८१. उरले तीन! एका फंक्शनमधून दुसऱ्यात जाताना परतीचा पत्ताच दोन बाइट खातो. ही सगळी तात्पुरती मागणी रॅममधल्या स्टॅकवर रचली जाते, आणि स्टॅक वरून खाली उतरत जातो. जागा संपली की तो थांबत नाही, खालच्या व्हेरिएबलवर पाय देतो. माझ्या बाबतीत तिथं नेमकी मोटरच्या स्थितीची नोंद होती. मोटर बंद आणि नोंदीत चालू. पेटी खोटं बोलत नव्हती, तिच्या वहीवरच कुणीतरी लिहून गेलं होतं.

२८१ कुठून आले? मराठीमुळे. जीएसएम मोड्यूलला देवनागरीचं प्रत्येक चिन्ह चार हेक्स अंकांत द्यावं लागतं, काना-मात्रा वेगळ्या धरून. 'मोटर चालू आहे' हे डोळ्यांना तीन शब्द. मोड्यूलच्या हिशेबात तेरा चिन्हं, ५२ अंक आणि शेवटचा शून्य. मराठी एसएमएस ७० चिन्हांचा, म्हणून २८० अधिक एक. एका मित्रानं सुचवलं, इंग्रजीत पाठव, 'मोटर ऑन' नऊ बाइटांत बसतं. बसतं खरं. पण ते वाचून दाखवायला नातवाला झोपेतून उठवावं लागतं.

मग एव्हीआर-साइझ हे मोजणीचं टूल चालवून टेक्स्ट, डेटा, बीएसएस हे तीन रकाने नीट वाचले. डेटाच्या रकान्यातला माल दोन्ही खात्यांत लागतो: फ्लॅशमध्ये मूळ, आणि चिप जागी झाली की रॅममध्ये नक्कल. माझे नऊ ठरीव निरोप, मिळून ५४० बाइट, असे दोनदा नांदत होते. कोडमध्ये 'प्रोगमेम' हा शब्द जोडून त्यांना फ्लॅशमध्येच ठेवलं. उत्तर आधी रचून ठेवण्याऐवजी अंक-अंक सुटा पाठवू लागलो. रॅम ९२४ वर आली.

तरीही हा आकडा टेबलावरचाच. विहिरीला पाणी कुठवर चढलं होतं, ते आतल्या दगडांवरची गाळाची रेघ सांगते. तशी रेघ उमटवता येते. चिप सुरू होताच, काम लागण्याआधी, सगळे रिकामे खण ०xसी५ या एकाच खुणेनं भरायचे. स्टॅक जिथवर उतरला तिथवर खूण पुसते. नंतर शाबूत खुणा मोजायच्या. पेटी आठवडाभर वावरात ठेवली. लाइनची ये-जा, भलत्या वेळचे मेसेज, सगळं होऊ दिलं. ७१८ खण कोरे राहिले.

तो आकडा मी रोजच्या मेसेजच्या शेवटी जोडून दिला, माझ्याचसाठी. चौथ्या दिवशी फोन. "भाऊ, हे ७१८ काय हाये?"

म्हटलं, पेटीत उरलेली जागा.

"एवढी जागा हाये? मंग कापसाचा भावबी पाठवत जा न."