न हसणारं अस्वल

टेडी शिवताना नाक सगळ्यात शेवटी काढायचं. अंग भरून झालं, हातपाय जोडले, डोळे घट्ट बसले, कान टाचले, की मग जाड काळा दोरा ओवायचा. नाकाचे टाके एकमेकांना चिकटून घालायचे आणि त्याच दोऱ्याने खाली एक उभी रेघ ओढून तिच्या टोकाला दोन तिरप्या रेघा द्यायच्या. झालं तोंड. तेवढ्यात त्याचा स्वभावही ठरून जातो. डोळे नाकाच्या जरा जास्त जवळ आले तर तो हट्टी दिसतो, खाली सरकले तर तान्हा, लांब गेले तर भाबडा. एकाच कापडाचे, एकाच कटिंगचे, एकाच बाईने एकाच आठवड्यात शिवलेले दोन टेडी शेजारी ठेवून बघा, दोघांशी बोलायची आपली रीत वेगळी होते. मी टेडी जमवते ती या चेहऱ्यांसाठी. किंमत, कंपनी, वय हे सगळं मला नंतर सुचतं.

माझा पहिला टेडी आईने शिवला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डोंबिवलीत घरोघरी सॉफ्ट टॉइजचे क्लास चालायचे. दुपारची जेवणं आटोपली की एखाद्या काकूंच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पाच-सहा जणी बसायच्या. आधी ससा, मग पांढरा पामेरियन आणि हात बसला की टेडी. फर आणायला आई लोकलने मंगळदास मार्केटला जायची, डोळ्यांच्या जोड्या क्रॉफर्ड मार्केटमधून यायच्या. खाकी पुठ्ठ्याची कटिंग फरच्या उलट्या बाजूवर ठेवून खडूने आखायची. कापताना कात्रीचं फक्त टोक कापडाखाली सरकवायचं, म्हणजे पाठ कापली जाते पण लव तुटत नाही. शिवून उलटवल्यावर शिवणीत अडकलेले केस सुईच्या टोकाने एकेक करून बाहेर काढायचे. हे काम आई मला द्यायची. केस सुटत गेले की शिवण दिसेनाशी व्हायची आणि इतका वेळ कापडाचे तुकडे असलेली ती वस्तू अचानक एका अंगाची व्हायची. तो क्षण मला आजही तितकाच आवडतो.

क्लासमधल्या प्रत्येक टेडीला शेवटी लाल फेल्टचं हसरं तोंड चिकटवायचे. आईने आपल्या टेडीला ते लावलं नाही. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "सारखं हसू कशाला? पोरगी रडत आली आणि हा समोर हसत बसला, तर बरं दिसेल का ते?" काळ्या दोऱ्याच्या त्या तीन रेघा तेवढ्या ठेवल्या. टेडीबद्दल मी पुढे पुष्कळ वाचलं, पण आईच्या या वाक्याइतकं नेमकं मला कुठे सापडलं नाही.

त्याचं नाव आजीने ठेवलं, जांबुवंत. मी जांबू केलं. आजीच्या लेखी अस्वल हे काही लाडाचं जनावर नव्हतं. तिच्या लहानपणी पाटणकडच्या गावात अस्वलाचा खेळ करणारा दरवेशी यायचा. पोराची भीती जावी म्हणून त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवायचे, अस्वलाचा केस उपटून ताईतात घालायचे. तिलाही बसवलं होतं. तिच्या लक्षात राहिली होती ती अस्वलाच्या नाकातली दोरी. तापल्या सळीने भोक पाडून ती ओवतात, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि ते खरंच होतं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने हे खेळ बंद झाले तरी रस्त्यावरून अस्वलं नाहीशी व्हायला कित्येक वर्षं लागली. देशातलं शेवटचं ज्ञात नाचरं अस्वल सुटलं ते 2009 मध्ये. आजी ते ऐकायला नव्हती. पण जांबूच्या नाकाला हात लावून "याला दोरी नाही हो," असं ती म्हणायची, ते मी विसरलेले नाही. आणि जांबुवंत हे नाव तिने विचार करूनच दिलं असणार. समुद्रापाशी हनुमान गप्प बसला होता, तेव्हा त्याला त्याचं बळ आठवून देणारा तो.

टेडीच्या जन्माची गोष्टही शिकारीची आहे आणि ती सांगतात तितकी गोड नाही. नोव्हेंबर 1902 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत अस्वलाच्या शिकारीला गेले होते. त्यांचा वाटाड्या होल्ट कॉलियर, गुलामीत जन्मलेला आणि अस्वलांच्या शिकारीत नाणावलेला. त्याने एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं असं, की जखमी अस्वलाचे हाल संपावेत म्हणून त्याला सुरीने मारायला त्यांनीच सांगितलं. 16 नोव्हेंबरच्या 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये क्लिफर्ड बेरीमनचं व्यंगचित्र आलं. पुढच्या चित्रांमध्ये बेरीमन ते अस्वल लहान करत, गोंडस करत गेला. ब्रुकलिनमध्ये मिठाईचं दुकान चालवणाऱ्या मॉरिस मिक्टमच्या बायकोने, रोझने, कापडाचं अस्वल शिवलं, दुकानाच्या काचेत मांडलं, आणि 'टेडीज बेअर' विकायला लागलं. माणसाने ज्याला मारलं त्याचंच रूप मुलाच्या कुशीत दिलं, हे मला कधी खटकलं नाही. त्यात कुठेतरी भरपाईची इच्छा असावी असं मला वाटतं.

त्याच सुमारास जर्मनीत गिंगेन नावाच्या छोट्या गावात दुसरं अस्वल तयार होत होतं. कामानिमित्त श्टुटगार्टला राहायचा योग आला तेव्हा उल्मला गाडी बदलून मी तिथे गेले. मार्गारेटे श्टाइफचं ते गाव. 1847 चा जन्म, दीड वर्षाची असताना पोलिओ, दोन्ही पाय गेलेले, उजवा हात अधू. शिलाई मशीनचं चाक उजवीकडे असतं, ते तिला फिरवता येईना. तिने मशीनच उलटं फिरवून घेतलं आणि चाक डाव्या हाताला आणलं. सुरुवात टाचण्या खोचायच्या फेल्टच्या हत्तींनी झाली. पोरं ते खेळायलाच पळवू लागली, आणि 1880 पासून त्याचा कारखाना झाला. अस्वल आणलं तिचा पुतण्या रिकार्ड याने. तो श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात बसून अस्वलांची चित्रं काढायचा. त्याच्या अस्वलाचे हातपाय हलायचे. 1903 च्या लाइपझिगच्या जत्रेत त्याकडे फारसं कुणी बघितलं नाही, आणि अगदी शेवटी एका अमेरिकन व्यापाऱ्याने 3000 नग मागवले. त्यातलं एकही आज कुठे असल्याचं ठाऊक नाही. चारच वर्षांनी, 1907 मध्ये, कारखान्यातून 9,74,000 अस्वलं बाहेर पडली.

तिथल्या संग्रहालयात मी जास्त वेळ उभी राहिले ती त्या सुरुवातीच्या अस्वलांसमोर. लांब हात, पाठीला कुबड, पुढे आलेलं तोंड, मोहेरची लव, बुटाच्या बटणांचे डोळे, कानात धातूचं बटण. यातलं एकही हसत नाही. दोऱ्याच्या त्याच रेघा. बाहुलीचा चेहरा बनवणाऱ्याने रंगवून ठेवलेला असतो, ती ठरल्याप्रमाणे आनंदीच असते. या अस्वलांचा चेहरा अर्धाच काढलेला आहे, उरलेला अर्धा समोरच्याने आपल्या मनाचा घालायचा. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं.

या अर्ध्या चेहऱ्याचा अर्थ मला सगळ्यात आधी होस्टेलवर कळला होता. पुण्याला शिकत असताना जांबू माझ्या कॉटवर असायचा. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. माझी रूममेट औसा तालुक्यातली. तिच्या मामाचं घर बसलं, माणसं गेली. गावाहून परतली तेव्हा ती कुणाशी बोलत नव्हती. पहिल्याच रात्री तिने माझ्या कॉटवरून जांबू उचलला, काही न विचारता, आणि ते सत्र संपेपर्यंत तो तिच्याकडेच राहिला. आम्ही मैत्रिणी तिला धीर द्यायला जायचो आणि आमच्याच तोंडून काहीतरी भलतं निघायचं. त्याच्याकडून तसं काही निघत नव्हतं. परत आला तेव्हा त्याच्या छातीवरची लव चपटी झाली होती. ती मी ब्रशने उभी केली नाही.

नोकरी लागल्यावर एकेक टेडी घरी येऊ लागला. लंडनला पोर्टोबेलो रोडच्या शनिवारच्या बाजारात एका पेटाऱ्यात फिकट सोनेरी अस्वल पडलेलं होतं. चिठ्ठी नाही, बटण नाही, एका तळव्याचं कापड विटून जाळी झालेलं. उचललं आणि हाताला ओळख पटली. इतकं हलकं! जुनी जर्मन अस्वलं लाकडाच्या बारीक लांब तारांनी भरलेली असतात, ती दाबली की कुरकुरतात. हे दाबलं तर आत जायचं आणि आवाज नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमध्ये कपोक भरायचे, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस. जांबूत आईने आजोळच्या उशीतला काटेसावरीचा कापूस भरला होता. झाडं वेगळी, पण कुळ एकच. लंडनच्या थंडीत ते अस्वल हातात धरून मला पाटणच्या माळ्यावरच्या उशा आठवल्या. विक्रेत्याने सांगितलेली किंमत मी एका शब्दानेही कमी करायला सांगितली नाही.

बाजारभावाचं गणित मला मान्य नाही. कानातलं बटण शाबूत, चिठ्ठी शाबूत, लव न झिजलेली, म्हणजे ज्याला कुणी कधी कुशीत घेतलं नाही, त्याला भाव जास्त. पण गंमत अशी, की डिसेंबर 1994 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात जे अस्वल 1,10,000 पौंडांना गेलं, ते 'टेडी गर्ल', एका माणसाजवळ लहानपणापासून आयुष्यभर राहिलेलं होतं. कर्नल बॉब हेंडरसन यांचं. जपानच्या इझूमधल्या संग्रहालयासाठी ते घेतलं गेलं. तिथे पैसे मोजले गेले ते त्या सोबतीचे. विनी द पू हे गोष्टीतलं अस्वल ज्याच्यावरून आलं ते लेखकाच्या मुलाचं, क्रिस्टोफर रॉबिनचं, अस्वल 1921 मध्ये हॅरॉड्समधून आणलेलं, आता न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात असतं. ते खेळून पार झिजलेलं आहे, म्हणूनच बघण्यासारखं आहे.

व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात दुकानांच्या दारात टांगलेले, पोटावर लाल बदाम शिवलेले टेडी मी घेत नाही. ते आधीच इतके खूश असतात की त्यांना आपलं काही सांगायला जागाच उरत नाही. आणि घेणारेही बरेचदा प्लास्टिकच्या पिशवीसकट त्यांना शोकेसमध्ये ठेवतात. पिशवीतून काढा हो त्यांना, असं मी ज्याच्या त्याच्या घरी सांगत असते.

आपल्याकडे अस्वलं सांभाळायची म्हणजे पावसाळ्याशी झगडा. मोहेर ही अंगोरा बकरीची लोकर, तिला कसर लागते. सर्दावलं तर कापूस आतून कुजतो. नवीन आलेलं प्रत्येक जुनं अस्वल मी आधी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवते, म्हणजे किडीची अंडी मरतात. सासूबाईंनी त्यासाठी फ्रीजरचा एक कप्पा कायमचा सोडून दिलाय, मटारही तिथे ठेवत नाहीत. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळे बाहेर येतात, पण सावलीत, कारण उन्हाने रंग विटतो. मग मऊ ब्रश. पाण्यात बुडवणं अजिबात नाही.

डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालमानसतज्ज्ञाने 1953 च्या आपल्या लेखात मुलाच्या अशा लाडक्या वस्तूबद्दल लिहिलंय. ती मळते, तिला वास येतो, तरी आई ती धूत नाही. धुतली तर मुलाच्या अनुभवात खंड पडेल हे तिला ठाऊक असतं. बालरोगतज्ज्ञ म्हणून कितीतरी आया आणि मुलं बघितलेल्या माणसाचं हे निरीक्षण. मला ते पटायला वेळ लागला नाही.

आता ओळखीतले लोक दुरुस्तीसाठीही टेडी आणून देतात. परवा कल्याणहून एक मुलगी आईबरोबर आली होती. पुढच्या महिन्यात शिकायला जर्मनीला चाललीय. तिचा टेडी जत्रेतला, नायलॉनचा, एक कान लोंबता, पोटाची शिवण उसवलेली. त्याचं फेल्टचं हसरं तोंड कधीच पडून गेलेलं, त्या जागी गोंदाचा पिवळा डाग. आई म्हणाली, "ताई, स्वच्छ धुऊन घ्या आणि नवीन तोंड लावा, छान हसरं." मुलीने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मी आईला बसवून विनिकॉटचं म्हणणं सांगितलं आणि माझ्या आईचंही. त्यांनी ऐकून घेतलं. मग लेकीला म्हणाल्या, "तुझा आहे, तू ठरव."

धुतला नाही. पोटाची शिवण जुन्याच भोकांतून परत घेतली, कानाला जुन्या रंगाला जुळणारा दोरा शोधायला दोन दुकानं पालथी घातली. तोंडाची जागा आहे तशी ठेवली. मुलगी न्यायला आली तेव्हा तिने एवढंच विचारलं, की हातातल्या सामानात नेला तर विमानतळावर पोट उसवून बघतील का. मी म्हटलं, मशीनमधून जाईल, उसवणार नाहीत, आणि उसवलंच तर सुई-दोरा कसा चालवायचा ते तुला दाखवून ठेवते. मग आम्ही दोघी खाली बसलो आणि मी तिला शिवण न दिसेल असा टाका कसा घालायचा ते शिकवलं.